दुसरी बॅटरी

रुपरावांचं पत्र येऊन महिना होत आला होता आणि आनंदरावानं अजून त्याचं उत्तर लिहिलं नव्हतं. रुपराव म्हणजे त्याचे व्याही, सून दीप्तीचे वडील. उमरेडकडच्या एका गावात मास्तर होते. निवृत्त झाल्यावर दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्यांनी फोनवर बोलणं सोडूनच दिलं. जे सांगायचं ते आंतर्देशीय पत्रावर, फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात लिहीत.

पत्र मोठं नव्हतं. "अंकुशराव दीप्तीला फोनवर सांगतात की आता सब्बल हातात घेत नाही, सगळं काम मशीन करते. जावई खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण रुसलेल्या बायकोला बोलावताना नवरा काय काय सांगतो, ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. तुम्ही वाचणारे माणूस आहात. तुमच्या हातचं पत्र आलं की मी स्वतः दीप्तीला आणि पायलला घेऊन खाप्याला येईन. पायलचं नाव यंदा पहिलीत घालायचं आहे. ते तिकडे घालायचं की इकडे, शाळा उघडायच्या आत कळवा."

आनंदराव वाचणारा माणूस होता हे खरं. विहारातल्या दोन कपाटांच्या वाचनालयाची किल्ली त्याच्याकडे असायची. जन्म गेला सब्बल, म्हणजे पहार, मारून खड्डे खणण्यात, खांबांचे, झाडांचे, संडासाचे. पण संध्याकाळी हातपाय धुतले की तो काही ना काही घेऊन बसायचा. त्यामुळे लोक त्याला लिहायला सांगत, अर्ज, दाखले, लग्नाच्या पत्रिकेतला मजकूर. दुसऱ्याचं तो भराभर लिहून देई. हे मात्र होत नव्हतं. दोनदा कागद पुढे घेतला, 'सप्रेम जय भीम' इतकं लिहिलं, आणि पुढे काय लिहावं ते कळेना म्हणून ठेवून दिलं.

गोष्ट अशी होती. मागच्या दिवाळीनंतर सिमेंटचा खांब उचलताना अंकुश जागच्या जागी बसला तो उठलाच नाही. नागपुरात धंतोलीत दाखवलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, मणक्यातली गादी सरकली म्हणाले. ओझं उचलायचं नाही, सब्बल मारायची नाही, पुन्हा असं झालं तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतरही पाय राहतील की नाही ते सांगता येत नाही. दीप्तीनं दोन महिने त्याचं सगळं केलं. हगणंमुतणं काढलं, कूस बदलून दिली. आणि जरा चालता झाल्यावर अंकुश एक दिवस कोणाला न सांगता सब्बल घेऊन रोजीला गेला. संध्याकाळी दोघांनी दोन्ही बगलांना धरून त्याला आणलं. दीप्ती भांडली नाही. रात्रभर शेकत बसली आणि सकाळी पायलचे कपडे पिशवीत भरले.

"आई, त्याले उचलाले मी नाही म्हणत नाही," ती सासूला, तुळसाबाईला म्हणाली होती. "पण तो आपल्या पायानं पडाले जाते. ते मी पाहू नाही शकत."

तुळसाबाईनं पायलच्या हातात गुळाचा खडा दिला, इतकंच.

त्यानंतर अंकुशनं मशीन आणली. सावनेरच्या एकानं हौसेनं घेऊन टाकून दिली होती ती. दोन मुठी, मधे मोटार, खाली कोपराइतका लांब मळसूत्री पाता, आणि मोटारीवर डब्यासारखी बसणारी बॅटरी. बटन दाबलं की पाता फिरत जमिनीत उतरे आणि माती वर फेके. अंकुशनं पहिल्या दिवशी अंगणात खड्डा मारून दाखवला. तुळसाबाई म्हणाली, झाडाले पाणी द्याले बरा झाला. अंकुश हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

आणि मग सुमंतरावांचं काम मिळालं. सुमंतराव नागपूरचे. नोकरी संपल्यावर त्यांनी कन्हानच्या अलीकडे शेत घेतलं होतं, पावसाळ्यात त्यात संत्र्याची कलमं लावायची होती. त्याआधी चहूबाजूंनी तारेचं कुंपण हवं होतं, नाहीतर रोही आणि डुकरं एक कलम ठेवणार नाहीत. खांबांचे खड्डे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, नाल्याच्या कडेकडेनं मारायचे होते. धुऱ्यावर ट्रॅक्टर चढत नव्हता आणि पलीकडे शेजाऱ्याची भेंडी उभी होती. म्हणून आनंदराव आणि अंकुश.

हे काम मशीननं पुरं झालं, की रुपरावांना लिहायचं असं आनंदरावानं मनाशी धरलं. मग लिहिण्यात खोटं काही राहणार नव्हतं.

पण मशीनची बॅटरी जुनी होती. मे महिन्याची काळी माती भेगाळून विटेसारखी झालेली, आणि हातभर खाली गेलं की मुरूम. पाता घरघरत आत जायचा, मुरमाला लागला की आवाज बदलायचा, आणि अर्ध्या खड्ड्यात बॅटरी मान टाकायची. मग दोघं बाभळीच्या विरळ सावलीत बसत. सुमंतरावांच्या विहिरीवर वीज होती, पण शेतातली लाइन तेव्हा रात्रीच यायची. बॅटरी घरी नेऊन चार्ज करून आणेपर्यंत ऊन डोक्यावर येई आणि मुठी हातात धरवत नसत. दुसरी बॅटरी घेतल्याशिवाय इलाज नव्हता. एक मशीनवर, एक चार्जरवर. तुळसाबाईनं कूलरची मोटार बदलायला ठेवलेले पैसे काढून दिले आणि म्हणाली, यंदा अंगणात झोपू.

नागपूरच्या दुकानात उन्मेष नावाचा पोरगेला मालक होता. त्यानं दोन बॅटऱ्या काउंटरवर मांडल्या. एक होती तशीच, लहान. दुसरी तिच्या दुपटीनं जाड. मग त्यानं जमीन कशी आहे ते विचारलं. अंकुशनं सांगितल्यावर त्यानं लहानगी बाजूला सरकवली. मुरमात लहान बॅटरीवर जोर पडतो, ती लवकर तापते, तापली की लवकर संपते, तुम्हाला मोठीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

"मंग मोठीच दे," अंकुश म्हणाला, आणि ती उचलून वजन पाहायला लागला.

आनंदराव बॅटरीकडे पाहत नव्हता. उचलण्याआधी अंकुशनं डावा तळवा काउंटरवर टेकला होता आणि ओठ आत घेतले होते. एवढंसं ते. कुणाच्या लक्षात आलं नसतं. प्रत्येक खड्ड्यागणिक माती अडकलेला पाता वर ओढून काढावा लागतो, मशीन आणि बॅटरी दोन्हीसकट. काम मशीन करते हे अर्धंच खरं होतं. ओढायची कंबर अंकुशचीच होती.

"लहान द्या," आनंदराव म्हणाला.

"बाबा, तो सांगून रायला ना..."

"लहान घेऊ. मी करत जाईन नेणं-आणणं. तू फक्त चालव."

"पुस्तक वाचून आले वाटते तुमी," अंकुश म्हणाला, पण मोठी बॅटरी त्यानं खाली ठेवली. उन्मेषनं खांदे उडवले. बांधून देताना त्यानं एवढंच बजावलं, की गरम बॅटरी चार्जरला लावायची नाही. लावलीत तरी चार्जर घेणार नाही, लाल बत्ती टिमटिमत राहील. आधी थंडी होऊ द्या. आनंदरावानं सोबतची पुस्तिका मागून घेतली आणि परतीच्या बसमध्ये तिची हिंदी पानं वाचली. ठंडा होने दें. पानी से बचाएँ. दोन्ही वाक्यांखाली त्यानं नखानं रेघ ओढली.

काम लागलं. पहाटे दोघं निघत. अंकुश मुठी धरून खड्डा मारी, आनंदराव डब्यानं आतली माती उपसून काठ साफ करी. पाता दगडाला अडला की मशीन उलटा झटका देई आणि अंकुशच्या मनगटापासून कंबरेपर्यंत काहीतरी जाई. तो क्षणभर डोळे मिटून उभा राही, मग म्हणे, काही नाही. बॅटरी संपली की दुसरी लावायची, आणि संपलेली घेऊन आनंदरावानं सायकलवर टांग टाकायची. नाल्याकाठची पाऊलवाट, मग डांबरी, मग खापा. वारा असा की तोंडावर तव्याची वाफ यावी. घरी पोचून चार्जरला लावली की लाल बत्ती टिमटिमायला लागे. बॅटरी हाताला चटका देण्याइतकी तापलेली. मग ती माठाजवळच्या ओल्या जमिनीशेजारी ठेवायची आणि बघत बसायचं. तुळसाबाई तिला पदरानं वारा घालायची.

"माणसाले घातला असता तं दोन घास जास्त जेवला असता," ती म्हणे.

ती निवेपर्यंत अंकुशची शेतातली बॅटरी संपलेली असे. तो एकटा बाभळीखाली बसून राही. आणि अंकुश बसून राहिला की त्याची नजर कुठे जाते, ते आनंदरावाला माहीत होतं. सब्बल त्यांनी घरीच ठेवली होती, पण सब्बल कुठल्याही शेतात मिळते.

तेव्हा त्याला पाण्याची कॅन आठवली. रानात नेतात ती, तिच्याभोवती पोतं शिवून ते भिजवलेलं असतं. सायकलला टांगली की वाऱ्यानं पाणी आतल्या आत गार होतं. बॅटरीला तसंच करायचं. पण पाणी लागता कामा नये, पुस्तिकेत लिहिलं होतं. त्यावर त्यानं विचार केला. घरात खताची रिकामी गोणी होती, तिच्या आतली प्लास्टिकची जाड पन्नी त्यानं काढली, झटकली, उजेडाकडे धरून भोक आहे का पाहिलं. नव्हतं. बॅटरी पन्नीत घालून तोंड सुतळीनं बांधलं, वरून ओलं पोतं गुंडाळलं आणि कॅरिअरला आवळलं.

घरी पोचून सोडलं तर बॅटरी मऊ गार. चार्जरला लावल्याबरोबर हिरवी बत्ती. आनंदराव तिथेच उकिडवा बसून त्या बत्तीकडे पाहत राहिला. आपलं डोकं चाललं याचा त्याला आनंद झाला, आणि तो आनंद कुणाला सांगायची लाज वाटली. तुळसाबाईनं मात्र शेजारी सांगितलं. संध्याकाळी अंकुशही म्हणाला, "जमलं गा बाबा तुमचं." बापाला गा म्हणण्याइतका तो खुशीत होता.

काही दिवस इतके चांगले गेले, की आनंदरावाला त्यांची भीती वाटावी. धुऱ्यावर खड्ड्यांची ओळ सरकत होती. अंकुश रात्री दीप्तीशी बोलताना भिंतीकडे तोंड करून कुजबुजत नव्हता, मोठ्यानं बोलत होता. पायलनं फोनवर विचारलं, मशीन कशी वाजते, तर त्यानं तोंडानं आवाज काढून दाखवला. आनंदरावानं विहाराच्या कपाटातून कोरं आंतर्देशीय काढून ठेवलं. नाल्याकडची बाजू झाली की लिहू, असं ठरवलं. तीच बाजू अवघड होती.

मग एके सकाळी पहिली बॅटरी मशीनवर नीट बसेना. खटका दाबला की थोडी चाले, थांबे. अंकुशनं उलटी करून पाहिली. पितळी पिनांवर हिरवं काहीतरी साचलं होतं, तांब्याच्या जुन्या भांड्यावर येतं तसं. त्यानं चाकूनं खरवडलं, फुंकलं. ती चालली. दुपारी आनंदरावानं दुसरी चार्जरला लावली तेव्हा चार्जरमधून जळक्या रबराचा वास आला, बारीक धूर निघाला आणि बत्ती गेली. लालही नाही, हिरवीही नाही.

खाप्याच्या मोबाइलवाल्यानं दोन्ही बॅटऱ्या उघडल्या. दमटपणा आत गेलाच होता, पण नुसत्या दमटपणानं इतकं खात नाही असं तो म्हणाला, आणि वास घेऊन नाक बाजूला केलं. कशात ठेवत होते म्हणून त्यानं विचारलं. आनंदराव म्हणाला, पन्नीत. कसली पन्नी ते सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

घरी येऊन त्यानं पन्नी उलटी केली. तळाच्या शिवणीत, दुमडलेल्या कोपऱ्यात, युरियाचे दाणे होते. ओल लागून विरघळलेले, पांढऱ्या लापशीसारखे. बोटाला लावून त्यानं वास घेतला; डोळ्यांत पाणी आलं. वरून पाणी लागू नये म्हणून त्यानं एवढं केलं होतं, आणि आतून खार चढत होता, रोज, बापाच्या हातानं बांधून. त्यानं पन्नीची घडी केली. ती फेकून द्यावी हे त्याला सुचलं नाही. घडी करून खाटेखाली ठेवली.

अंकुश रागावला असता तर बरं झालं असतं. जेवताना त्यानं एवढंच विचारलं, "मोठी घेतली असती तं?" आणि मग स्वतःच म्हणाला, "तीबी पन्नीतच घातली असती."

नाल्याकडची बाजू राहिली होती. रविवारी सुमंतराव आले, बरोबर त्यांच्या पत्नी गार्गीबाई. दोघंही माणसं सभ्य. गार्गीबाईंनी थर्मासमधून चहा ओतला. स्वतःला स्टीलच्या पेल्यात आणि या दोघांना कागदी पेल्यांत. कागदी पेला उन्हात मऊ पडला, आनंदरावानं तो दोन्ही हातांनी धरला. सुमंतरावांनी झालेल्या खड्ड्यांची वाखाणणी केली, मग नाल्याकडे पाहिलं.

"बुधवारी तारवाले येणार आहेत, आनंदराव," ते म्हणाले. "त्यांना परत पाठवता येणार नाही. तुमच्याच्यानं होत नसेल तर मी दुसरा माणूस बघतो. मनाला लावून घेऊ नका."

"होईन साहेब," अंकुश म्हणाला.

आनंदरावानं त्याच्याकडे पाहिलं. अंकुश पेल्यात पाहत होता.

सोमवारी आनंदराव सब्बल घेऊन एकटाच गेला. मुलाला उठवलं नाही. साठी उलटून गेल्यावरही हात विसरलेले नव्हते, पण हातांत काही उरलंही नव्हतं. सब्बल वर जाई ती अर्ध्यातूनच खाली येई. मुरमावर ती खण् करून उसळे आणि खांद्यात कळ भरे. उन्हं वर येईपर्यंत एकच खड्डा झाला, तोही वाकडा. मंगळवारीही तो असाच गेला. दुसऱ्या खड्ड्यात गुडघे टेकून माती उपसत असताना त्याच्यावर सावली पडली.

"सोडा, बाबा."

"तू काहून आला? घरी जा."

"सोडा म्हनतो ना."

"डॉक्टरनं काय सांगतलं तुले? दीप्तीले काय सांगतलं तू?"

"डॉक्टर येते का खांब रोवाले?" अंकुश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुमी असे करत रायले तं दोघंबी जाऊ. मी हळूहळू मारतो. आना."

त्यानं हात पुढे केला. आनंदरावाच्या मुठीत सब्बल होती. ती घट्ट धरून ठेवायची इतकंच करायचं होतं. खांदा ठणकत होता, बुधवार उद्यावर होता, नाल्याकडची ओळ तशीच पडली होती. त्यानं सब्बल दिली.

अंकुश हळूहळू मारत नव्हता. पहिले दोनचार घाव जपून, आणि मग शरीराला आपली जुनी चाल सापडली. पाय रोवलेले, सब्बल सरळ कपाळावरून खाली, मुरमाचं ढेकूळ अलगद सुटं. इतका सुंदर खड्डा त्या मशीननं कधी मारला नव्हता. काठ कापल्यासारखा, तळ सपाट. आनंदराव माती उपसत होता आणि बऱ्याच दिवसांत प्रथमच त्याला उपसायला माती पुरत होती. अंकुशच्या पाठीवरून घाम ओघळत होता. त्यानं बापाकडे पाहून भुवया उडवल्या, काय म्हणता, अशा अर्थी. आनंदराव हसला. आपण हसलो हे त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवणार होतं. पोरगा आपल्यासारखा नाही, आपल्यापेक्षा सरस खणतो, याचं त्या वेळी त्याला सुख वाटलं, आणि कंबरेचा विचार कितीतरी वेळ मनात आलाच नाही.

थोडेच खड्डे उरले होते. अंकुश पालथा झोपून, खांद्यापर्यंत हात आत घालून, तळातला एक दगड हलवत होता. दगड निघाला. हात बाहेर काढून त्यानं दगड बाजूला टाकला आणि तसाच पडून राहिला.

"ऊठ," आनंदराव म्हणाला.

"थांबा जरा."

वारा भेंडीच्या पानांतून गेला. अंकुशचा गाल मातीवर होता, डोळे उघडे.

"बाबा, पाय कुठी आहेत पाहा बरं माहे."

आनंदरावानं पाहिलं. पाय जागेवर होते, एक सरळ, एक थोडा दुमडलेला. त्यानं डाव्या पायाच्या अंगठ्याला हात लावला आणि विचारलं, समजते का. अंकुशनं विचार करून सांगितलं, दुरून कोणी लावल्यासारखं.

शेजारच्या भेंडीवाल्यानं मालवाहू ऑटो आणला. मागच्या पत्र्यावर पोती टाकून, अंकुशला पालथं घालून त्याला घरी आणलं. वाटेत प्रत्येक खळग्याला तो दातांतून हवा आत ओढत होता. उरलेले खड्डे सुमंतरावांनी दुसऱ्याकडून मारून घेतले. बुधवारी तार ओढली गेली. ते स्वतः घरी येऊन गेले, दारातूनच चौकशी केली, आणि ऑपरेशनचं काय ते नागपूरला या, मी ओळखीच्या डॉक्टरांना सांगतो, म्हणाले. खरंच कळवळ्यानं म्हणाले.

घरात कूलर बंद होता. अंकुश जमिनीवर पालथा, कपाळाखाली हात. तुळसाबाई त्याच्या पाठीवर ओला पंचा टाकायची, तो वाळला की पुन्हा भिजवायची. दीप्तीचा फोन आला की अंकुश दम धरून बोलायचा. आवाज बसला आहे, धूळ गेली घशात, म्हणायचा. मग फोन ठेवून बराच वेळ तोंड हातात खुपसून पडायचा.

असाच एकदा फोन ठेवून तो म्हणाला, "बाबा, सासऱ्याचं पत्र आलं होतं ना? लिहून टाका. मशीन चालू आहे म्हना. त्याईले तुमच्या अक्षरावर इश्वास आहे."

"आन् ते आले म्हंजे?"

"आले म्हंजे मी सांगीन. तुमाले नाही सांगा लागनार." मग म्हणाला, "ती एकदा दारात आली ना, तं मले असं पाहून वापस नाही जानार. मले माहीत आहे."

तुळसाबाईनं पंचा पिळला. ती आनंदरावाकडे न पाहता म्हणाली, "पोरगी हातीपायी मोठी झाली असन. येऊ द्या ना."

तिला नातीचं तोंड पाहायचं होतं, दुसरं काही नाही. आणि अंकुश म्हणत होता ते खरं होतं. दीप्ती आली असती तर परत गेली नसती. पुन्हा दोन महिने, की दोन वर्षं, की किती, तिनं कूस बदलून दिली असती. नेमकं ते आनंदरावाला गिळवत नव्हतं. तिला फसवून आणायला कुणाचं तरी अक्षर लागत होतं, आणि ते त्याचं होतं.

त्यानं ठेवलेलं आंतर्देशीय काढलं, पाटावर घेतलं आणि लिहायला बसला. इतके दिवस जे अडलं होतं ते आता थांबत नव्हतं. लिहून झाल्यावर तुळसाबाई म्हणाली, वाचा बरं. आनंदरावानं दाराकडे एकदा पाहिलं. मग अंकुशलाही ऐकू जाईल इतक्या आवाजात त्यानं वाचलं.

"रुपरावजी, सप्रेम जय भीम. उत्तराला उशीर झाला. मशीन बंद आहे. बॅटऱ्या माझ्या हातानं खराब झाल्या. अंकुशनं पुन्हा सब्बल मारली. मी समोर होतो. त्यानं मागितली आणि मी दिली. आता तो पालथा पडून आहे, डाव्या पायाला समज कमी आहे. तो दीप्तीला फोनवर वेगळं सांगतो, ते खरं धरू नका. त्याचं आम्ही दोघं करू. पायलचं नाव तिकडेच घाला. हे पत्र दीप्तीला वाचायला द्या, काही लपवू नका. येण्याविषयी मी काही लिहीत नाही. तुळसा सर्वांची आठवण काढते. आनंदराव."

तुळसाबाई पंच्याच्या काठाशी चाळा करत होती.

"तारीख घातली का?" तिनं विचारलं.

त्यानं तारीख घातली. कागदाच्या घड्या घातल्या, कडेला भाताची शितं लावून दाबली. अंकुशनं मान वळवली नव्हती. आनंदराव चपला पायात सरकवायला लागला तेव्हा त्याचा आवाज आला, जमिनीला लागून आल्यासारखा.

"बाबा, ते नका टाकू."

आनंदराव उंबऱ्यात उभा राहिला. टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"बाबा."

तो बाहेर पडला. रस्त्यावर माणूस नव्हता. डांबर चपलेला चिकटत होतं. सायकल त्यानं घेतली नाही, चालतच गेला, भिंतीच्या हातभर सावलीतून, पत्र सदऱ्याच्या आत छातीशी धरून. घाम लागून शाई फुटेल म्हणून पुढे ते हातात घेतलं. टपाल कचेरी उघडी होती, पण आत जाऊन कुणाच्या हातात द्यावं असं त्याला वाटलं नाही. दाराशी लाल पेटी होती. तिचा पत्रा इतका तापलेला की त्यानं टोपीनं झाकण उचललं. पत्र अर्धं आत घातलं आणि धरून राहिला. मागून एक पोस्टाचा माणूस सायकल लावत म्हणाला, टाका टाका, आता डाक काढूनच राहिलो.

त्यानं बोटं सोडली.

मग टोपी खाली पडली तशी पडू देऊन त्यानं हात फटीत घातला, जाईल तितका, मनगटाला पत्रा पोळेपर्यंत. पत्र हाताला लागलं नाही.